गिटारचे तडे आणि अण्णांची पुट्टी

मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप दादांना, लाल आणि दुधी अशा दोन रंगांत माखलेल्या हातांनी केलेला नमस्कार. (कागदावरचे डाग त्याचेच आहेत. घासून बघू नका, पसरतात.)

तुमची कंबर आता कशी आहे? वहिनी म्हणतात तसा शेक घेताय, की नुसतं 'घेतो' म्हणताय? इकडे सगळे खुशाल. तुमची बहीण माझ्यावर रागावलेली आहे, आणि ती रागावलेली असली की तिची तब्येत ठणठणीत असते, हे तुम्ही तिच्या लहानपणापासून जाणता. अण्णांचे गुडघे बरे आहेत. हातही बरे आहेत. किंबहुना हे पत्र त्या हातांबद्दलच आहे, पण सासऱ्यांची तक्रार त्यांच्याच मुलाकडे करायची तर आधी चार इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगाव्यात, एवढी रीत मला कळते.

तर तुमच्या भाचीनं कॉलेजातल्या चौघांना जमवून बँड काढलाय. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांचा पहिला कार्यक्रम. तिला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातून आणून विषय संपला असता, पण मी म्हणून बसलो, की घरी करू, त्यात काय एवढं. बावीस वर्षं दातांच्या कवळ्या घडवतोय. परक्या माणसाच्या तोंडात बत्तीस दात बसवणाऱ्याला लाकडावर सहा तारा बसवता येऊ नयेत? (हे वाक्य मी जेवताना, सगळ्यांसमोर, दोनदा म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणायची काहीच गरज नव्हती.) आणि दादा, खरं सांगतो, गिटार झाली. जुन्या टेबलाची फळी कापली, कडा गोल केल्या, तारांचे खिळे, चुंबकं, वायरी, सगळं बसलं. आवाजही येतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई तो येत असल्याची तक्रार घेऊन दोनदा आल्या, म्हणजे साक्षीदारही आहे. मग रंगासाठी सगळं सामान पुन्हा उतरवलं आणि तिथून माझी दशा सुरू झाली.

मला वाटलं होतं, एक चांगला निळा द्यावा. पण तुमच्या भाचीला हवे होते तडे. हो, तडे. उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या दारासारखा रंग फुटलेला, आणि फटींमधून खालचा दुसरा रंग डोकावतोय, असं. नवी वस्तू मुद्दाम जुनी दिसायला हवी. (माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं नेमकं उलटं मागतात, पण मुलीपुढे बाप काय बोलणार.) याची कृती सोपी आहे, म्हणजे सांगायला सोपी आहे. आधी गडद लाल रंग द्यायचा आणि खडखडीत वाळवायचा. त्यावर सुताराच्या पांढऱ्या डिंकाचा हात. डिंक पुरता वाळण्याआधी, बोट लावलं तर चिकटेल अशा बेताला, वरून दुधी रंग. खालचा डिंक ओढला जातो, वरचा रंग फुटतो, आणि बघता बघता तडे पडतात. अट एकच. दुधी रंगाचा ब्रश एकदाच फिरवायचा. परत त्याच जागी फिरवला की रंग मेलाच.

पहिल्या खेपेला डिंक लावला आणि चहा घ्यायला आत गेलो. चहाबरोबर तुमच्या बहिणीनं बँकेतल्या बाईंची हकिगत सुरू केली, आणि ती हकिगत अर्धी टाकून उठलेला माणूस या घरात अजून जन्माला आलेला नाही. परत आलो तर डिंक काचेसारखा. तरी दुधी रंग दिला. एकही तडा नाही. गिटार अशी गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागली, की मुलीनं विचारलं, हिच्यात भाजी ठेवायची का. घरात एकट्या अण्णांना ती फार आवडली. सगळं खरवडलं. दुसऱ्या खेपेला वेळ साधली, पण माझा हात! दादा, कवळी घासणाऱ्याच्या हाताला 'एकदाच' ही गोष्टच माहीत नाही. आम्ही एकाच दातावरून चाळीसदा जातो आणि एक्केचाळिसाव्या वेळेला म्हणतो, आता जरा बरं दिसतंय. मी परत ब्रश फिरवला, जरासाच, कोपऱ्यात. तिथला रंग नासलेल्या दुधासारखा फाटला. तो सारखा करायला पुन्हा फिरवला. मग तुमच्या बहिणीचा केस वाळवायचा पंखा आणला. (तिच्या रागाचं मूळ इथे आहे. पंखा आता चालू होतो, पण दुधी रंगाचा वास मारतो.) पुन्हा खरवडलं.

तिसऱ्या खेपेला, म्हणजे काल सकाळी, नशीब उघडलं. ब्रश टेकवायला आणि दवाखान्यातून तातडीचा फोन यायला एकच गाठ पडली, कुणाची तरी कवळी दोन तुकड्यांत आली होती. घाईत एकेकदाच ब्रश ओढला आणि धावलो. जाताना दारातून वळून पाहिलं तर तडे उमलत होते. बारीक, लांब, एकमेकांत गुंतलेले, आतून लाल. मी जिन्यावरून अक्षरशः गात उतरलो.

आता अण्णा. त्यांना आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. गुडघ्यांमुळे काम सुटल्यापासून ते किती गप्प झालेत हे तुम्ही पाहिलंच आहे. दिवसभर खुर्चीत, बोलले तर हवेबद्दल. चाळीस वर्षं भिंतींना गिलावा केलेला माणूस. आजही कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीचे कोपरे बघतात, मग माणसं. आपल्या हाताखालच्या भिंतीला कधी तडा गेला नाही, एवढी एकच फुशारकी त्यांनी आयुष्यात मारली, आणि तीही खरी. काल मी कामावर, ही बँकेत, मुलगी कॉलेजात. अण्णा काठी टेकत मागच्या खोलीत गेले आणि त्यांना दिसलं, की जावयानं नातीसाठी केलेली वस्तू वाळता वाळता सगळीकडून तडकली आहे.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी पुट्टी कालवली. तिच्यात माझाच दुधी रंग थेंब थेंब घालून रंगाला रंग जुळवला. एकेक तडा बोटाच्या टोकानं भरला, वाळवला, पॉलिश पेपरनं घासला आणि वरून हलका हात दिला. पाच तास उभे होते, दादा, त्या गुडघ्यांवर! मी आलो तर दारातच थांबलेले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, काळजी करू नका, कुणाला कळणार नाही. माणसाच्या हातून होतं कधी कधी." मी आत जाऊन पाहिलं. कुठे तडा होता हे मलाही सापडेना. इतकं सुबक काम मी जन्मात पाहिलेलं नाही, आणि ते बघून मला रडू येत होतं. मी म्हणालो, फार छान झालं. दुसरं काय म्हणणार? काल रात्री अण्णा दोन घास जास्त जेवले आणि कुठल्याशा शाळेच्या छताची गोष्ट सांगताना इतके हसले, की त्यांना ठसका लागला. तुमच्या बहिणीनं मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, की त्यांना खरं कळलं तर माझ्याशी गाठ आहे.

म्हणजे माझं झालंय असं. रंगावर शेवटी वॉर्निश द्यायचं, ते कडक व्हायला आठवडा हवा, वर तारा चढवायला एक दिवस. या शनिवारपर्यंत तडे पडले नाहीत तर तुमची भाची पहिल्या कार्यक्रमाला उसनी गिटार घेऊन उभी राहणार. आणि अण्णा घरात असताना तडे पाडले तर ते पुन्हा भरणार. इलाज सुचत नाही. असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, कंबरेला शेक.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. इलाज सुचतो, उगीच आढेवेढे घेतले. अण्णांना चार दिवस बोलावून घ्या. नुसतं 'या' म्हटलं तर येणार नाहीत, भिंत तडकली म्हणा, धावत येतील. तुमच्या घराला तडा नाही हे मला ठाऊक आहे, गिलावा त्यांचाच आहे. तेव्हा एक पाडावा लागेल. जिन्याखाली पाडा, छिन्नीनं, कोपऱ्यातून तिरका. सरळ रेघ ओढू नका, त्यांना लगेच कळेल. वहिनींना अण्णा येऊन गेल्यावर सांगा.

ता. क. दुसरा (शुक्रवार). छिन्नी शोधत बसू नका, बेत रद्द. पत्र टपालात टाकायचं काम तुमच्या बहिणीकडे होतं. तिनं ते उघडलं, वाचलं आणि आजपर्यंत उशीखाली दाबून ठेवलं. तेवढ्यात बुधवारी तुमच्या भाचीनं, जिला आडपडदा म्हणून नाही, थेट विचारलं, की आजोबा, माझे तडे का बुजवलेत, मला ते हवे होते. अण्णांनी दुपारचा चहा तसाच ठेवला. मला वाटलं, संपलं सगळं. दादा, गिटारचा तेव्हा मला विसर पडला होता. संध्याकाळी ते मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, दाखवा कसं करता ते. मी एका फळकुटावर दाखवायला लागलो. दुसऱ्यांदा ब्रश फिरवल्याबरोबर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. परत कशाला जाता तिथं? भिंत आहे का दात? मग ब्रश त्यांनी घेतला. काल सकाळी खरवडलेल्या गिटारवर लाल चढला, आज दुपारी डिंक. त्यांनी बोट लावून पाहिलं, थांबले, पुन्हा पाहिलं, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत दुधी रंगाचे नऊ हात ओढले. ब्रश ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. तडे पडायला लागले तेव्हा त्यांच्यानं बघवेना. तोंड भिंतीकडे करून उभे राहिले आणि नात त्यांना मागून सांगत होती, कुठला कुठवर गेलाय ते. माझ्या तिसऱ्या खेपेपेक्षा दसपट सुंदर झालेत. मला हेवा वाटला आणि भरूनही आलं.

ता. क. तिसरा (शनिवार). वॉर्निशचा पहिला हात झाला. अण्णांनी सगळ्यांकडून वचन घेतलं, की हे त्यांचं काम आहे असं कुणाला सांगायचं नाही. चाळीस वर्षांची अब्रू आहे, तडे पाडणारा गवंडी म्हणून नाव नको. नाव माझं लावायचं. आज बँडवाले चौघे गिटार बघायला आले. कुणी केलं विचारल्यावर मी निर्लज्जपणे छाती पुढे काढली. त्यातला ड्रमवाला म्हणाला, खालचा एक तडा जरा जाड झालाय, चुकून झाला असेल. मी मान डोलावणार, इतक्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "चुकून कसला? तिथं डिंक जाड ठेवलाय! मुद्दाम!" थोड्या वेळानं अण्णा बाहेर येऊन पाणी पिऊन गेले. त्यांची समजूत आहे, की कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

तेव्हा माझी खरी विनंती एवढीच. कार्यक्रमाला नक्की या आणि अण्णांच्या शेजारची खुर्ची धरा. माझी स्तुती करू नका, मला काही विचारूही नका. तुमची भाची गिटार घेऊन समोर आली की नुसतं मोठ्यानं म्हणा, एक तडा वाकडा वाटतो. बाकीचं सगळं अण्णा स्वतःच सांगतील.