तुमचं 'पाहू'

नाना,

त्या संध्याकाळी धुळ्याच्या स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी मोडून तशीच ताटात ठेवली होती. कोर्टात दिवसभर दुभाष्याचं काम करून आलात की तुम्ही फारसं बोलत नसा. त्या दिवशी मात्र आपणहून सांगितलंत. सोनगीरकडची एक विधवा, दिराशी चाललेल्या शेताच्या दाव्यात साक्षीला उभी होती. वावर कुणाचं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आपलंच शे, साहेब." आपल्याकडे पाहुण्याला स्वतःचं घर दाखवतानाही माणूस 'आपलंच' म्हणतो, त्यात वाटणी नसते, अदब असते. तुम्ही त्या शब्दाचं इंग्रजी केलंत आणि दिराच्या वकिलानं ते उचललं: सगळ्यांचं, म्हणजे दिराचंही. तुम्ही खुलासा करायला गेलात, तर साहेब म्हणाले, दुभाष्यानं शब्द सांगावा, अर्थ कोर्ट लावील. निम्मं वावर गेलं. आई म्हणाली, दोन घास तरी खा. तुम्ही म्हणालात, "शब्द मी पोचवला. बाई तिकडेच राहिली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी विचारते आहे, मला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवाल का. तुम्ही पगडी खुंटीला लावता आहात. न वळताच म्हणता, "पाहू." पुढच्या आठवड्यात तापानं तुम्ही गेलात.

वर्षाच्या आत लग्न उरकायचं म्हणून तुमचे थोरले भाऊ, आबा, एरंडोलचं स्थळ घेऊन आले. नानांनी पाहू म्हटलं होतं, असं मी सांगितलं. आबा हसले. "अगं, बापाचं 'पाहू' म्हणजे 'नाही'च. पोरीला तोंडावर कोण सांगतो?" आई मला चुलीपाशी म्हणाली, त्यांचं 'पाहू' म्हणजे 'हो' असायचं. पण तिला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं.

लग्न झालं, पुणं राहिलं. आता मी जळगावच्या एका साप्ताहिकात लिहिते. माझ्या लेखांत मी न लिहिलेलीच वाक्यं वाचून लोक पत्रं पाठवतात. मी खुलासे करत नाही. पूर्वी वाटायचं, अर्थ बोलणाऱ्याच्या मनात असतो, नीट शोधला तर सापडतो. आता वाटत नाही. माणूस गेला की त्याचा शब्द घरातल्या मोठ्याचा होतो. हे पत्र पोचलं असतं तरी तुम्ही एका शब्दात उत्तर दिलं असतं, आणि मी पुन्हा तिथंच उभी राहिले असते.

शिवाय, नाना, मी रोज ऐकते त्या 'पाहू'त शेवटी आवाज जरा मऊ होतो. तो मऊपणा माझा आहे. तुमचा आवाज मला आठवत नाही.