आगगाडी बोगद्यात अडली आहे

प्रिय मास्तरीणबाई,

दहा वर्षांच्या नातीला असं लिहितात का, म्हणून आजी माझ्या पाठीमागे उभी राहून हसतेय. हसू दे. मला माउथऑर्गन नीट धरायला तू शिकवलंस, तेव्हा मास्तरीण तूच.

तुम्ही सगळे तिकडे राहायला गेलात, तेव्हा म्हाताऱ्याचं शिक्षण आटोपलं असंच सगळ्यांनी धरलं. मलाही तसंच वाटलं. तुझी ती आगगाडीची धून अर्धवट शिकून झालेली, आणि शिकवणारीच निघून गेली. माउथऑर्गन बरेच दिवस दुकानात वस्तऱ्यांच्या खणात पडून होता. मग एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज तोंडाला लावला. तेव्हापासून नेमच झालाय. शटर वर केलं की आधी धून, मग कात्री. मध्येच कुणी दाढीला आलं तर त्याला फेस लावून बसवतो आणि उरलेलं वाजवतो. तोंडाला फेस लावलेला माणूस पळून जाणार तरी कुठं?

माझी खोड तुला माहीत आहे. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून! तू कपाळावर हात मारून घ्यायचीस. त्यामुळे गाडी सुटायची झोकात, पण स्टेशनात कधी पोचायचीच नाही. एकदा आपले पोस्टमन खुर्चीत होते. त्यांनी फेसातूनच विचारलं, की रोज इथवरच ऐकतोय, पुढं त्या गाडीचं होतं तरी काय? मी हसत सुटलो, आणि मग डोकं लढवलं. तुझी शेवटची ओळ माझ्या कानात होतीच. तीच आधी शोधून काढली, एकेक भोक फुंकून. ती बसली तेव्हा तिच्या आधीची घेतली. चुकलो तर चुकलेला तुकडाच घोळवायचा, पार मागं पळायचं नाही. हे मला कुणी सांगितलं नाही गं, माझं मलाच सुचलं, आणि त्या दिवशी मी एवढा खूश होतो की एका गिऱ्हाइकाची मिशी थोडक्यात वाचली. कानात कापूस घालणारी तुझी आजी आता भाजी चिरताना तीच ओळ गुणगुणते. चुकते, पण मी बोलत नाही. तिचं तिला सापडेल.

अडलंय फक्त मधल्या बोगद्यात. ती ओळ मी धड ऐकलेलीच नाही. तिथं तुझंही अडायचं, आणि खोकल्याचं सोंग करून तू पुढच्या ओळीवर उडी मारायचीस. मला कळत नव्हतं असं वाटलं होय?

काल तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, तू माउथऑर्गन कपाटात टाकलायस, कारण तिकडे शिकवणारं कुणी नाही. ऐकून मला फार वाईट वाटलं. मग मनात आलं, मलाही शिकवणारं कुणी नव्हतंच की. म्हणून हे पत्र. रविवारी मी येतोय. तोवर तो बाहेर काढ, पूस आणि रोज थोडा वाजव. तू सुरुवातीकडून ये, मी शेवटाकडून येतो. बोगद्यात दोघं मिळून चाचपडू. धडक झालीच, तर आजी येतेय कापूस घेऊन.

तुझाच, अर्धाकच्चा विद्यार्थी,
आजोबा