सोनकाळी न्हाई यात

नांदेड, १४ सप्टेंबर २००३

प्रिय आबा,

तीर्थरूप सोडून प्रिय लिहिलं म्हणून प्रभूदादा हसेल. हसू दे. दादा, पुढचं मात्र एक अक्षर न गाळता आबांना वाचून दाखव.

दादाचं पत्र मिळालं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं आणि तुम्ही ‘मला कुठं वाचायचं हाय’ म्हणत घोंगडी झटकून उठलात. या पावसाळ्यातल्या नऊ कोकरांना अजून नावं ठेवली नाहीत, हेही त्यानं लिहिलंय. तुमच्या हाताखाली कोकरू तीन दिवस बिननावाचं राहिलेलं मला आठवत नाही.

इथे सध्या आम्हाला कॉम्प्युटरची एक नवी भाषा शिकवतात. तिच्यात आधी प्रत्येक गोष्टीची जात सांगावी लागते. आकडा असेल तर तो मिळवता येतो, वजा करता येतो. दुसरी जात सिम्बॉलची, म्हणजे नुसतं नाव. त्याची बेरीज होत नाही. त्याला एवढंच विचारता येतं की तू तोच का. वर्गातली पोरं बुचकळ्यात पडली, बेरीज होत नाही ते ठेवायचं तरी कशाला? मी मात्र मनानं आपल्या गोरेगावच्या माळावर पोचले होते.

मी सातवीत होते. दुसऱ्या दिवशी लस टोचणारे साहेब येणार म्हणून संध्याकाळी मी वाडग्यात कोंडलेली मेंढरं मोजली. त्रेसष्ट. सकाळीही त्रेसष्टच होती. मी ऐटीत सांगितलं. तुम्ही एकवार कळपावरून नजर फिरवलीत आणि म्हणालात, “आकडा बराबर असंल, बाई. सोनकाळी न्हाई यात.” मी हट्टाला पेटले, तीनदा मोजून दाखवलं, वर आबांना मोजता येत नाही म्हणून खिदळले. तुम्ही काठी उचलून चालू लागलात. दिवेलागणीला सोनकाळी खांद्यावर घेऊन आलात. ओढ्याकाठच्या बाभळीत तिचा पाय अडकला होता. तांड्यावरच्या गोपीचंदकाकांची एक मेंढी आपल्यात शिरली होती, म्हणून माझा हिशेब जुळत होता. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. काकांची मेंढी परत द्यायला तेवढं मलाच पाठवलंत.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. ग्रंथालयातून गेलेली पुस्तकं सगळी परत आली का, हे कॉम्प्युटरनं सांगायचं होतं. बाकीच्यांनी गेलेली मोजली, आलेली मोजली आणि हात झटकले. मी तुमच्यासारखी एकेकाला नावानं हाक मारली. सरांनी मुद्दाम एक पुस्तक लपवून भलतंच घुसवलं होतं. चाळीस जणांत फक्त माझ्याच प्रोग्रॅमनं ते पकडलं. मला वाटतं, आबा, तुमच्याइतका हुशार माणूस या अख्ख्या कॉलेजात नाही.

पण सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, हे तुला कुणी शिकवलं, तेव्हा मी म्हणाले, पुस्तकात वाचलं. मेंढरांचं नाव काढलं तर हसतील अशी भीती वाटली. दोन दिवस स्वतःचंच तोंड पाहावंसं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं की हे माझ्या वडलांचं आहे, ते मेंढपाळ आहेत. कुणी हसलं नाही. त्या दोन दिवसांची माफी मागायला हे पत्र लिहितेय. आणि हक्कानं एक मागते, ऑपरेशनला हो म्हणा. दसऱ्याला मी येतेय, ऑपरेशनच्या वेळी तुमच्या उशाशी बसेन. दादानं म्हणे तोवर कोकरांच्या पाठीवर रंगानं एक ते नऊ आकडे घातलेत. त्यांतलं एक सोनकाळीच्या पणतीचं आहे. आकडा काय, कुणीही घालेल. नाव ठेवायला मात्र तुम्हाला ती दिसायला पाहिजेत.

तुमच्याच कळपातली,
अंजली