होकायंत्र इब्राला द्यावे

मी एकनाथ हरिश्चंद्र चोगले, वय २६, मूळचा हर्णे, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम एडिसन, अमेरिका. हा कागद तीन आठवडे उद्यावर ढकलत आलो. सोमवारी पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे, म्हणून आज बसलो. डोकं ठिकाणावर आहे, कोणी हात धरून लिहवून घेतलेलं नाही. ज्यांच्या हॉटेलात मी भांडी घासतो ते पुरुषोत्तमकाका तेवढे पेन देऊन समोर बसलेत.

१. हर्णेच्या घरातला माझा हिस्सा बहीण रेणूला. दाजींनी तिथे काही ठेवू नये. माझी नवी जाळी त्यांनी उंदरांना खायला घातली, ते मी विसरलेलो नाही.

२. मासे कापायची सुरी शैलजाकाकूंना द्यायची होती. "साक्षीदाराला काही मिळत नाही रे," काका म्हणाले. "मग तुम्हीच दोनदा सही करा, मला सुरी हवीय," काकू आतून. असो. सुरीही रेणूला.

३. वडिलांचं पितळी होकायंत्र इब्राहिमाला. हा सेनेगलचा. मॉरिटानियात नुआदिबू बंदरात आम्ही एका ट्रॉलरवर होतो. तिथून लोक होडीने स्पेनच्या बेटांवर जायचे, किनारा धरून, तीन-चार दिवस. २००५ साली मी मालवाहू जहाजाने इकडे निघालो तेव्हा त्याला म्हणालो, "वाट चुकलास तर सकाळच्या सूर्याकडे होडीचं तोंड कर. जमीन येतेच." आमच्या हर्णेला पोराटोरांनाही हेच सांगतात. होकायंत्र मात्र मी ठेवून घेतलं.

पुढे तिथला पहारा वाढला. ऑगस्ट २००६ मध्ये त्याचा फोन. "आता सेनेगलहूनच निघतो. किनाऱ्यापासून लांब, भर समुद्रातून, आठ-दहा दिवस. तुझा सूर्य लक्षात आहे." माझ्या खांद्यावर कांद्याची गोणी. "जप," म्हणालो आणि ठेवला. गोणी उतरवताना डोक्यात आलं, इतक्या लांबून पूर्वेला वळला तर बेटं हुकतील आणि किनाऱ्यापर्यंत तेल पुरणार नाही. लगेच उलटा फोन लावला. बंद. अजून बंदच आहे.

४. इब्रा नसेल तर होकायंत्र
(ही जागा कोरी ठेवली आहे.)

एडिसन, न्यू जर्सी. ९ मार्च २००७.
सही: एकनाथ ह. चोगले
साक्षीदार: १. पुरुषोत्तम गोगटे २. शैलजा गोगटे

ता.क. काकूंची सही राहिली आहे. त्या आत्ता बाहेरून आल्या. "एकनाथ, इब्राहिमाचा धाकटा भाऊ आलाय रे. न्यूयॉर्कला टॅक्सी चालवतो म्हणे. तू इब्राला पाठवलेलं पोस्टकार्ड आहे हातात."

"काय म्हणतो?"

"तुलाच भेटायचंय म्हणतो. चहा दिलाय, तोही घेत नाही."

कलम चार भरायचं की खोडायचं, ते त्यालाच विचारायला हवं. मी अजून उठलेलो नाही.