काठावरचे इलेक्ट्रॉन आणि विहाराचा स्पीकर

डोंगरकडा,
एप्रिल २००८

आदरणीय सपनाताई,

सप्रेम जय भीम. तुझी तब्येत बरी असणारच. बंगलोरात आजारी पडायलाही तुला सवड नसते, असे आत्या म्हणते. इकडे सगळ्यांची बरी आहे. (जळबाकाकांच्या घड्याळाची नाही. ते पुढे येईल.)

मागे फोनवर तू मला ग्राफीन समजावलेस आणि मी ‘समजलं’ म्हणालो. तेवढ्यावर आत्याने, म्हणजे तुझ्या आईने, मला धरले. पोरगी दोन वर्षे घरी आली नाही. ती तिथे प्रयोगशाळेत करते तरी काय, हे आत्याला जाणून घ्यायचे होते. मी पेन्सिलीचे शिसे सेलोटेपला चिकटवून सोलून दाखवले. याचे पदर निघतात, घडीच्या पोळीसारखे. शेवटचा पदर एका अणूइतका जाड, तेच ग्राफीन. एकाच पदरात इलेक्ट्रॉन वेगळे वागतात, दोन पदर एकावर एक असले की वेगळे. आत्या म्हणाली, “एकट्याचं वागणं न्यारं न् दोघाचं न्यारं, हे पाहाया बंगलोरला काहून जावं लागतं?”

चुंबकाशिवाय पुढचे सांगता येईना. विहाराचा स्पीकर तसाही खरखरत होता. (जयंती तोंडावर आली आहे, हे ठाऊक होते. पण मलाच पाहायचे होते.) त्यातले चुंबक काढून शिशावर धरले. कोणालाच काही दिसले नाही. विहार समितीचे अध्यक्ष जळबाकाका चुंबकाशेजारीच घड्याळाचा हात टेकून, वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले, “तुझं इलेक्ट्रॉन फिरून राहिलं का न्हाई ठाव न्हाई, माझं घड्याळ फिरायचं थांबलं बघ.”

मग तोंडानेच सांगितले. चुंबक जोरदार आणि थंडी कडाक्याची असली की मधले इलेक्ट्रॉन जागच्या जागी गोल फिरत राहतात, खळ्यावरच्या बैलांसारखे. काठावरच्यांचा फेरा पुरा होत नाही. ते काठाला आपटत आपटत पुढे सरकतात. वीज वाहते ती काठाने.

 मग आत्या म्हणाली, “आपली सपनी मधली हाय का काठाची?”

 तूच कळव.

तुझा भाऊ,
धम्मदीप

ता. क. स्पीकर पुन्हा जोडला. आता खरखर अजिबात नाही. आवाजही नाही. जयंतीला तुझे भाषण ठेवले आहे. (तुझ्या वतीने मी होकार दिला.) येताना स्पीकर आण.

पुन्हा ता. क. स्पीकर आणू नकोस. आत्या शेजारी बसून सांगते आहे: “तिला लिही, पोरीचा आवाज मला बिगर स्पीकरचाच ऐकायचा हाय. आपटत का व्हईना, ये म्हनावं.”