अर्ध्या वाटीवर थांबणारा हात

आई, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुम्ही हयात नाही ही त्यातली पोटतक्रार समजा. गेल्या बारा वर्षांत मला एकही तंग बाह्यांचा ब्लाउज शिवता आलेला नाही. आचोळ्याचा आपला शिंपी आता विचारतही नाही. "वहिनी, बाही ढगळच," असं तोच सांगतो आणि टेप गळ्यात टाकतो. लग्नकार्यात जावा-नणंदा घट्ट बाह्यांत मिरवतात आणि मी खांद्यांना दोन पिशव्या अडकवल्यासारखी हिंडते. कारण काय, तर कुठल्याही दवाखान्यात गेले की बीपीचा पट्टा आधी उजव्या दंडाला आणि मग डाव्या दंडाला. बाकी बायकांचं एका हातावर भागतं. मला दोन्ही बाह्या वर कराव्या लागतात, आणि ही वेळ माझ्यावर तुम्ही आणलीत. सासूने सुनेचा छळ केल्याच्या ज्या काही तक्रारी सरकारदरबारी नोंदवता येतात, त्यांत ही कुठे बसते ते मी शोधते आहे.

तीस वर्षं मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढून तुम्ही निवृत्त झालात आणि आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराचा वॉर्ड केलात. कपाटावर पाऱ्याचं बीपीचं यंत्र, कापडी पिशवीत. रविवारी सकाळी बिल्डिंगमधली माणसं चहाला येत आणि दंड उघडे टाकून बसत. "बोलायचं नाही. बोललात की पारा चढतो," असं तुम्ही दरडावायचात आणि सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा गप्प बसायचा. मी ओट्याशी उभी राहून हे सगळं मनात टिपून घेत असे आणि नंतर मासिकात खपवत असे. माझ्या विनोदी लेखनाचं निम्मं भांडवल तुमचं होतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. "लिहा, लिहा. पेन्शनीत माझं भागतं, तुमचं माझ्यावर भागू दे," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात.

तुमचं माहेर निर्मळ गावातलं, नारळी-केळीच्या वाड्यांचं. मामा दर आठवड्याला सायकलवरून केळ्याचा घड आणि डझनभर नारळ आणून टाकायचे. मी देशावरची, आमच्याकडे नारळ देवाला फोडायचा. इथे रोजच्या आमटीला एक अख्खी वाटी खवायची, आणि ते काम सुनेचं. बारा वर्षांपूर्वीची दिवाळी झाली आणि माझा डावा हात विळीवर रुसायला लागला. वाटी धरून फिरवता फिरवता दंडापर्यंत रग लागायची, पंजा गार पडायचा, जड व्हायचा. दोन मिनिटं खाली सोडला की पुन्हा ठीक. संध्याकाळी अंगात कणकण. वजन उतरत होतं, त्याचं मला कौतुकच वाटत होतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी जीभ बघितली, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि "बायकांना होतंच असं" हे निदान फुकट दिलं.

तुमचं निदान त्याहून सोपं होतं. "लेखिकाबाई, अख्खी वाटी खवली तर लेखणीतली शाई आटते का?"

"नाही आई. उरलेला नारळ क्रमशः आहे."

असे चार महिने गेले. मी अर्धी वाटी खवून फ्रीजमध्ये टाकायची, तुम्ही भांडी आपटत उरलेली खवायचात. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यात थोडा आळसही होता. हात दुखतो हे कारण हाताशी असल्यावर ते कोण सोडेल?

मग एका रविवारी सकाळी मी फ्रीज उघडते, तर आत खोबऱ्याच्या चार वाट्या ओळीने मांडून ठेवलेल्या, पालथ्या नाही, उताण्या. चार दिवसांच्या, तुम्ही न खवता राखून ठेवलेल्या. मला कळून चुकलं की खटला उभा राहतोय आणि हे पुरावे आज तुमच्या मुलासमोर ठेवले जाणार. तसंच झालं. तुम्ही चारी वाट्या टेबलावर आणून त्याच्यापुढे मांडल्यात. तो बिचारा पेपरच्या आड सरकत होता. मीही माझं भाषण तयार करून उभी होते. पण तुम्ही एक वाटी उचलता, बघता, खाली ठेवता. दुसरी उचलता. मग पहिल्या वाटीत बोट फिरवत म्हणालात, "ही मी तुला दाखवायला ठेवली होती. बायको किती कामाची आहे ते."

"दाखवा," मी म्हटलं.

"थांब गं. चारी बघ. खवल्याची कड चारींत एकाच ठिकाणी आलीय." तुम्ही माझ्याकडे वळलात. "आळशी माणूस आज इथे थांबतं, उद्या तिथे. तू रोज एकाच जागी थांबतेस. हा आळस नाही. इकडे ये."

तुम्ही माझी दोन्ही मनगटं एकदम धरलीत आणि डोळे मिटलेत. खूप वेळ. बाहेर टँकरवर बायका भांडत होत्या, तेवढाच आवाज.

"उजवी लागतेय. डावी कुठे गेली?"

"माहेरी गेली असेल."

एरवी तुम्ही निदान ओठ तरी मुडपायचात. त्या दिवशी नाही. यंत्र खाली काढलंत. उजव्या दंडावर एकशेतीस. डाव्यावर पट्टा आवळलात, सोडलात, पुन्हा आवळलात. कानातल्या नळ्या काढून पुसल्यात. तुमचा मुलगा म्हणाला, "आई, मशीन जुनं झालंय." तुम्ही पट्टा त्याच्या दंडाला लावलात, मग स्वतःच्या. "मशीन बरं आहे," तुम्ही म्हणालात, "हिचा हात बरा नाही." आणि मला प्रथमच भीती वाटली, कारण तुमच्या आवाजात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या लॅबमध्ये ईएसआरची तपासणी. बारीक उभ्या नळीत रक्त भरून ठेवायचं आणि तासाभरात ते किती खाली बसतं ते मोजायचं. भराभर बसलं तर शरीरात कुठेतरी सूज धुमसतेय. लॅबवाला म्हणाला, "मावशी, संध्याकाळी रिपोर्ट न्या, तासभर इथे काय बघणार?" तुम्ही म्हणालात, "रक्तच बघणार. टीव्हीपेक्षा बरं असतं," आणि स्टूल ओढून नळीसमोर बसलात. तास संपायच्या आधीच उठलात. "पदर खोच," म्हणालात. "आपल्याला माझ्या हॉस्पिटलात जायचंय."

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाच्या वर स्टेथोस्कोप टेकवला आणि सगळ्या ज्युनिअरांना आळीपाळीने ऐकायला लावलं. मोठ्या रक्तवाहिनीच्या भिंतीलाच सूज होती, आतली वाट अरुंद झाली होती, हाताला रक्त पुरत नव्हतं. आजाराचं नाव जपानी निघालं. "आपल्या घरात इम्पोर्टेड म्हणून एवढंच आलं," तुमचा मुलगा म्हणाला आणि मग रडला. पुढच्या तपासण्यांत मानेच्या आणि मूत्रपिंडाच्या वाहिन्या शाबूत निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर लोहाच्या गोळ्या खात बसला असतात तर गोष्ट डोळ्यांवर, मेंदूवर गेली असती. लवकर आलात.

मग स्टिरॉइडचे महिने. माझा चेहरा भाकरीसारखा गोल झाला आणि भूक राक्षसासारखी. तुम्ही घरभर मीठ बंद केलंत, फक्त माझं नाही, सगळ्यांचं, "म्हणजे कुणी तिच्या ताटासमोर चवीने खाणार नाही." नारळ तुमचा मुलगा खवायला शिकला. अजून तोच खवतो, उत्तम खवतो, आणि पाहुण्यांदेखत खवतो. माझी डावी नाडी परतली, पण लाजरी. सापडते, बोटं शांत ठेवली तर. मी बरी आहे, आई. जाड झालेय, लिहितेय, रोज एक क्षुल्लक गोळी घेते आणि माणसांचं वाईट बोलते. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी रविवारी चहा जरा जास्तच होतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "हे आधी कुणाच्या लक्षात आलं?" आणि मी म्हटलं, "माझ्याच. खोबरं खवताना." तुम्ही माझ्या मागे उभ्या होतात. ज्या वॉर्डात तुम्ही तीस वर्षं डॉक्टरांना गोष्टी दाखवून दिल्यात आणि कागदावर नाव डॉक्टरांचं आलं, त्याच वॉर्डात. चार महिन्यांचे टोमणे मला तिथे वसूल करायचे होते. ज्युनिअरने लिहून घेतलं, रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात आले. तुम्ही फाईल या हातातून त्या हातात घेतलीत, एवढंच. पुढे निर्मळला भावांनाही तुम्ही सांगत राहिलात, "सून हुशार आहे, तिचं तिलाच कळलं." तो टोमणा होता की आहेर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. तुम्हाला दोन्ही एका दमात जमायचं.

ज्युनिअरने लिहिलेलं ते वाक्य मग दर फाईलमधून पुढच्या फाईलमध्ये उतरत गेलं. गेल्या आठवड्यात जुनी फाईल फाटली म्हणून नवी केली. डॉक्टरीणबाई कोवळ्या होत्या, त्यांनी सगळं मुळापासून विचारलं. लक्षात कुणाच्या आलं, या प्रश्नाला मी या वेळी म्हटलं, "सासूबाईंच्या. त्या नर्स होत्या. त्यांनी दोन्ही हातांची नाडी एकदम बघितली." बाईंनी भराभर लिहिलं. मी वाकून पाहिलं. सासू लिहिलं होतं, आणि पुढे कंसात नर्स.

"आधी नर्स लिहाल का?" मी म्हटलं. "नातं नंतर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. इंग्रजीत होती, अक्षर डॉक्टरीच होतं, पण क्रम बरोबर होता.