कुंपण माझं, टिना त्यांच्या

३ ऑगस्ट
पहाटेच्या वाऱ्यात कुंपण पडलं. शेजारच्या वसंतभाऊंच्या नव्या गाडीवर. पुढची काच गेली, टप चेपला. पूजेचा हार अजून आरशाला तसाच. रेखा, त्यांची बायको, तोंडावर पदर धरून दारात उभी. मी धावत गेले, कोणाला लागलं नाही ना, विचारलं.
"गाडीले लागलं ना. दिसून नाई राह्यलं का तुमाले?"
इतक्या वर्षांच्या शेजारात हा आवाज ऐकला नव्हता.

४ ऑगस्ट
लिहून ठेवते, नाहीतर भांडताना सगळं गोंधळेल. बांबूचं कुंपण माझ्या जागेत, माझंच. उन्हाळ्यात बिबट्याने त्यांच्या अंगणातून मोती कुत्रा उचलला, तेव्हा व.भाऊंनीच त्यावर पत्र्याच्या टिना चढवल्या. तारेने आवळून, स्वतःच्या हाताने. मी म्हटलं होतं, भाऊ, टिना वारा धरतील. "वाघ अडवाचा हाय बाई, वारा नाई." सगळे हसलो. मीच चहा केला होता.
खांबांची बुडं तपासली आज. एक कुजका, बाकीचे टणक. त्यावरून काही ठरत नाही.

६ ऑगस्ट
दुकानासमोर, चारचौघांत: "मॅडम एवढी पुस्तकं लिवते, पन कुंपन आपलं हाय एवढं बोलाले तोंड उघडत नाई." लोक हसले. मीही हसले, सवयीने. घरी येऊन भात करपवला.
टिनांचं काय, एवढंच विचारायचं होतं. दोन शब्द. जिभेवर आले नाहीत. कागदावर मात्र...

रविवार
हे माजरीहून आले. आठवडाभर खाणीवर, एक दिवस घरी, त्यात हे.
"तू हात लावू नको. उभं केलं का आपलं झालं. मंग गाडीही आपल्याच गळ्यात."
पलीकडच्या घरातही नेमकं हेच बोलणं चालू असणार. गाडीवरून ओढून कुंपण मधेच टाकलंय. आडवं. दोन्ही अंगणं एक झाली आहेत. कोणी उचलत नाही.

११ ऑगस्ट
श्रावण. व.भाऊंची आई, कौसामावशी, रोज उजाडायच्या आधी माझ्या जास्वंदीची फुलं नेतात. आधी कुंपणाआडून फांदी ओढायच्या. आता पडलेल्या बांबूंवरून थेट आत. ऐकू जवळजवळ येत नाही.
मी कानाशी ओरडले, मावशी, अंधारात येऊ नका, मी आणून देते.
"देल्लेली फुलं देवाले चालत नाई वो. चोरून आनलेलीच लागते." आणि बोळकं पसरून हसल्या.
भांडणाचं त्यांना कोणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, ऐकू आलं नसेल.

१३ ऑगस्ट
वरच्या आळीतलं वासरू गेलं म्हणतात.

१४ ऑगस्ट
पावलं. चिखलात, जास्वंदीपासून टिनांच्या कडेने त्यांच्या गाडीपर्यंत. मी वाकून पाहत होते. मान वर केली तर पलीकडे व.भाऊ, तोंडात ब्रश, तेच पाहत.
"कुत्र्याचे असन," ते म्हणाले.
"असतील," मी म्हणाले.
आमच्याकडचं शेंबडं पोरही ही पावलं ओळखतं. आणि आम्ही दोघं, शिकलेली माणसं, कुंपण उभं करावं लागू नये म्हणून बिबट्याला कुत्रा केलं.
दिवसभर स्वतःची किळस.

१६ ऑगस्ट
बुरडाकडून बांबू आणि ते बांधायला चिरलेल्या कामट्या आणवल्या. ह्यांना फोन केला नाही. भारा अंगणात पडतो न पडतो तोच व.भाऊ ओट्यावरून फोनवर, मला नीट ऐकू येईल असं: "आनले बाईनं बांबू. मंजे कबूल झालं ना भाऊ. आपन तं पह्यलेपासून तेच सांगून राह्यलो."
मावशींवर, रेखावर, स्वतःवरही कोणत्या भोकातून बिबट्या येणार हे ह्या माणसाला माहीत आहे. तरी जिंकल्यासारखा हसला.
भारा सोडलाच नाही.

१७ ऑगस्ट
पहाटे टॉर्च आणि काठी घेऊन जास्वंदीशी उभी राहिले. मावशी आल्याच. पलीकडे दारात रेखा, हातात कुऱ्हाड. केव्हाची उभी होती कोण जाणे. मी तिच्याकडचा अंधार बघत होते, ती माझ्याकडचा. मधे मावशी सावकाश एकेक फूल तोडत होत्या. जाताना एक माझ्या हातात ठेवलं.
"घे, तुह्यासाठी बी चोरलं."
रेखाच्या ओठांना हसू आलं असावं. तेवढ्यात आतून व.भाऊंनी हाक मारली. ती गेली.

दुपारी कामट्या टाकीत भिजत घातल्या. ओल्या असेतो हव्या तशा वळतात. वाळल्या की बांधताना काडकन तुटतात.
संध्याकाळ झाली. एक कामटी काढून वाकवून पाहिली. वळते आहे.
व.भाऊ ओट्यावर खुर्ची टाकून बसले आहेत, तोंड माझ्या अंगणाकडे करून.